तीन वाजता ये



तुम्ही हॉटेलच्या धंद्यात कसे आलात, असं मला पुष्कळदा विचारलं जातं. माझं उत्तर ठरलेलं असतं : पाच ठिकाणी चुकीच्या वेळी गेलो आणि सहाव्या ठिकाणी बरोबर वेळी गेलो. विचारणाऱ्याला वाटतं, मी गंमत करतोय. पण खरोखर तसंच झालं होतं.

गोष्ट १९९८ सालची, आमच्या खापरखेड्याची. नागपूरहून सावनेर-छिंदवाड्याकडे जाणारी छोटी लाईन तेव्हा चालू होती. २०१५ मध्ये ती बंद झाली. आता तिथून मोठी गाडी धावते. गावावर वीज केंद्राच्या चिमण्या आणि आसपास कोळशाच्या खाणी. २१० मेगावॅटचे दोन संच आधीपासून चालू होते आणि पुढच्या दोन संचांचं काम सुरू होतं. ते २००० आणि २००१ मध्ये सुरू झाले. बांधकामावर बाहेरगावची पुष्कळ माणसं आली होती. घरदार मागे ठेवून आलेल्या माणसाला सकाळी चहा-पोहे आणि रात्री जेवण कुणीतरी द्यावंच लागतं. त्यामुळे रस्त्याच्या कडेनं पोह्यांचे ठेले, चहाच्या टपऱ्या, सावजी भोजनालयं उभी राहिली होती.

मी बारावी नापास. बाबा ठेकेदाराकडे कोळशावर कामाला होते, ते दम्यानं घरी बसले. पोरगा वीज केंद्रात चिकटेल अशी आईची आशा होती; पण तिथं आयटीआय झालेलीच पोरं रांगेत उभी, मला कोण विचारतो? तेव्हा मी हॉटेलं धरली.

सकाळी ९ वाजता, नीट भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. आता ९ वाजता पोह्यांच्या हॉटेलात काय परिस्थिती असते ते मला आज कळतं. रात्रपाळीची माणसं घरी जाता जाता थांबलेली, कढईतून आलुबोंडे निघताहेत, तर्रीच्या भांड्यात पळी सारखी खाली-वर होतेय. अशा वेळी मी गल्ल्यासमोर जाऊन उभा! "बाजूले सरक ना बे, गिऱ्हाईक उभं आहे," एवढंच ऐकून पाच ठिकाणांहून परतलो. सहाव्या हॉटेलचा मालक मात्र म्हणाला, "काम पाहिजे? मंग तीन वाजता ये. आता तुह्याशी बोलू का पोहे विकू?"

तीन वाजता गेलो. हॉटेल रिकामं होतं. मालक बाकावर बसून भाजीचा हिशेब लिहीत होते. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. कुठचा? बाप काय करते? आणि तिसरा, "उष्टं उचलशील का?"

खरं सांगतो, घरी मी स्वतःचं ताटही उचलत नव्हतो. ते काम आईचं किंवा बहिणीचं. तरी "उचलतो जी" म्हटलं.

मग त्यांनी वय विचारलं. "१८," मी अभिमानानं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. "मोठा झाला रे तू!"

मोठा होणं हा दोष असू शकतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. ११ वर्षांचं पोरगं निम्म्या पैशात राबतं, बाकाखाली झोपतं, उलटून बोलत नाही. थोडा विचार करून मालक म्हणाले, "परवापासून ये. माह्या इथला एक पोट्टा गेला आहे." महिना ६०० रुपये आणि दोन वेळचं जेवण. पोट्टा का गेला, हे मी विचारलं नाही.

पहिले आठ दिवस फक्त फडका. टेबल पुसायचं, ते ओल्या फडक्यानं आणि एकाच दिशेनं, नाहीतर घाण फक्त जागा बदलते. पाण्याचे ग्लास आणताना बोटं ग्लासात जाऊ द्यायची नाहीत. हे आचाऱ्यानं शिकवलं, मला वाटतं, पाठीत एक धपाटा घालून. मग हिशेब. कागद-पेन्सिल नाही. चार टेबलांवर कुणी काय खाल्लं ते डोक्यात ठेवायचं आणि गिऱ्हाईक उठलं की गल्ल्याकडे ओरडायचं, "चश्मेवाले १४ रुपये! लाल शर्ट ९!" गणितात नापास झालेला मी त्या ओरडण्यात एकदाही चुकलो नाही. परीक्षेत कुणी पोहे-आलुबोंड्यांची गणितं घातली असती तर, असं अजून मनात येतं.

चौथ्या दिवशी आचाऱ्यानं सहज सांगितलं. माझ्या आधीचा पोरगा ११-१२ वर्षांचा, मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा खेड्यातला. झारा द्यायला वाकला आणि कढईतलं तेल हातावर आलं. मामा येऊन त्याला घेऊन गेला. त्याचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. सगळे छोटूच म्हणायचे.

तीन आठवड्यांनी तो आला. कोपरापर्यंत पट्टी बांधलेली. भट्टीपासून लांब, दाराशी उभा राहिला. काम परत मागायला आला होता. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी हातातला फडका घट्ट धरला. ६०० रुपयांतून बाबांचं औषध येत होतं. मालकांनी त्याला प्लेटभर पोहे दिले, वर तर्री घातली, आणि "हात बरा झाल्यावर पाहू" म्हणून वाटेला लावलं. त्याची प्लेट मीच उचलली. मी त्याच्याशी एक शब्दही बोललो नाही. पुन्हा तो दिसला नाही.

हॉटेलात भांडी घासून मोठी झालेली माणसं आपल्याला माहीत असतात. कवी नारायण सुर्वे यांनीही लहानपणी हॉटेलात काम केलं. त्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. पण हात भाजून गावी परत गेलेल्या पोरांचं चरित्र कोण लिहिणार?

पुढे १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलं, ढाबे आणि घरकाम यांत १४ वर्षांखालच्या मुलांना ठेवायला बंदी आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीनं ती जवळजवळ सगळ्याच कामांना लागू झाली. आज मी नागपुरात एका हॉटेलात माणसं कामावर घेतो. आलेल्या पोराकडे आधी शाळा सोडल्याचा दाखला मागतो. पोरं घाबरतात, त्यांना वाटतं मी मार्क बघणार. मी फक्त जन्मतारीख बघतो. नंतर डॉक्टरची तपासणी, कारण अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी व्हावी असा नियम आहे. आता आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा वर्षाचा अभ्यासक्रमही असतो. तो करून आलेल्याला सुरी धरायला शिकवावी लागत नाही, हे खरं. पण फडका त्यालाही धरावा लागतो. आणि तरुण मित्रांनो, पगार, सुट्टी आणि कामाचे तास पहिल्याच दिवशी विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी विचारलं नव्हतं; आठवड्याची सुट्टी असते हे मला सात महिन्यांनी कळलं.

मागच्या महिन्यात एक पोरगा आला. सकाळी ९ वाजता, ऐन गर्दीत, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हटलं, "तीन वाजता ये." पावणेतीनलाच तो बाहेर उभा होता. दाखला पाहिला, १९ पूर्ण. मग मी त्याला तोच जुना प्रश्न विचारला, उष्टं उचलशील का?

तो हसला. "घरी मीच उचलतो जी. आई कामाले जाते."