संशोधनाची किल्ली कोणाच्या हाती?

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



'सर्वांसाठी खुले विज्ञान' हा विषय संयोजकांनी सुचविला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी कलाशाखेचा पदवीधर; प्रयोगशाळेशी माझा संबंध शाळेतच सुटला. परंतु ज्या विज्ञानाशी सामान्य माणसाचे जगणे-मरणे निगडित आहे, त्याविषयी बोलण्याचा अधिकार सामान्य माणसालाही असावा, असे वाटून होकार दिला.

२०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात तापाची साथ आली. आदल्या वर्षी ती गोव्यातील सत्तरीत दिसली होती. रानात माकडे मरून पडत होती आणि काजूच्या बागांत राबणारी माणसे तापाने फणफणत होती. लोक त्याला 'माकडताप' म्हणतात. नाव तसे अन्यायाचेच, कारण बिचारे माकड हे या रोगाचे पहिले बळी. रोग पसरवते ती गोचीड, आणि ती चिकटते पातेरा गोळा करताना, गुरांमागे रानात हिंडताना.

हा रोग नवा नव्हता. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला आणि त्याचा विषाणू शोधून काढला तो आपल्या पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने. जंगल तुटते, त्याच्या कडेला गुरे चरू लागतात, गुरांच्या रक्तावर गोचिडी पोसतात आणि रोग माणसाच्या अंगणापर्यंत येतो, ही मीमांसा १९६९ साली एका अमेरिकन नियतकालिकात मांडली गेली. वनशास्त्र, पर्यावरण आणि वैद्यक या तिन्ही शास्त्रांचा संगम असलेला असा रोग विरळाच. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात.

त्या सुमारास या विषयावर लिहिण्यासाठी मी संगणकापुढे बसलो. हवा असलेला लेख सापडला. पण पडद्यावर सारांशाच्या दहा ओळी आणि खाली किंमत – तीस-पस्तीस डॉलर, तीही एका दिवसाच्या वाचनासाठी! रोग आपल्या रानातला, रक्ताचे नमुने आपल्या माणसांचे, खर्च आपल्या तिजोरीतला आणि वाचायचे तर पैसे परदेशी प्रकाशकाला. अखेर संकोचत लेखकालाच ई-पत्र पाठविले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी संपूर्ण लेख पाठविला, वर आभारही मानले. म्हणजे शास्त्रज्ञाला आपले काम दडवायचे नसते. कुलूप लावतो तो मधला माणूस.

या कुलपाची किंमत किती असू शकते? पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाचे उदाहरण पाहा. २०१४ साली तेथे इबोलाचा उद्रेक झाला. हा रोग आपल्या देशात नाही, असेच तेथील यंत्रणेने धरले होते. वस्तुतः १९८२ साली युरोपातील एका नियतकालिकात जर्मन संशोधकांनी लायबेरियातील रक्तनमुन्यांच्या आधारे लिहून ठेवले होते की, हा देश इबोलाच्या क्षेत्रात धरावा. साथीनंतर, २०१५ साली, तेथील आरोग्याधिकाऱ्यांनी जाहीर लेख लिहून ही व्यथा मांडली. त्या लेखाची किंमत ४५ डॉलर होती, म्हणजे तेथील डॉक्टरचा जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार. लायबेरियात चार हजार आठशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लेख खुला असता तर सारे वाचले असते, असे मी म्हणणार नाही. पण नमुने ज्यांचे, त्यांनाच निष्कर्ष कळू नयेत हे कोणत्या न्यायात बसते?

खुलेपणाने नियतकालिके बुडतील, असा युक्तिवाद केला जातो. त्याला उत्तर आपल्या परळमध्ये आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघते. या शतकाच्या आरंभी मुंबईच्याच 'मेडनो' या प्रकाशनसंस्थेच्या साह्याने ते जगाला विनामूल्य खुले झाले, लेखकाकडूनही पैसे न घेता. छापील अंकाचे वर्गणीदार घटतील, ही भीती खोटी ठरली; उलट ते वाढले. पुढे, २०११ साली, मेडनो एका डच कंपनीच्या ताब्यात गेली. दीप लावावा आपण आणि समई न्यावी दुसऱ्याने, हा प्रकार आपल्याकडे नवीन नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे नव्हे. शासकीय अनुदानातून झालेले संशोधन खुल्या भांडारात ठेवावे, हे धोरण केंद्राच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्येच आखले. कागदावर ते उत्तम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था. आडगावच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आयआयटीइतकेच वाचायला मिळावे, ही दृष्टी स्वागतार्हच आहे. तथापि वर्गणी ही शेवटी भाड्याची खोली. २०२७ नंतर भाडे पुन्हा ठरणार आणि ते ठरविणार घरमालक. शिवाय सोय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांची. दोडामार्गच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर किंवा रानातला वनरक्षक तिच्या कक्षेत येत नाही. भाडे देत असतानाच स्वतःचे घर बांधावयास हवे, म्हणजे २०१४ चे धोरण कसोशीने राबवावयास हवे.

आणि प्रत्येक कुलूप परदेशी असते, असेही नाही. पश्चिम घाटाविषयीचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. तो लोकांपुढे आला मे २०१२ मध्ये. माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय झाल्यावर! ज्यांच्या डोंगराविषयी तो होता, त्यांना तो शेवटी मिळाला.

आता जे खुले आहे, त्याचे आपण काय करतो? कर्नाटकात माकडतापाची जी लस दिली जात असे, तिची परीक्षा घेणारा लेख २०१३ साली 'प्लॉस' समूहाच्या खुल्या नियतकालिकात आला. दोन मात्रांनी संरक्षण सुमारे ६२ टक्के, पुढची वर्धक मात्रा घेतल्यास ८३ टक्के. ती लस नंतर बंद झाली. पण लेख आजही कोणालाही, एक पैसा न देता, वाचता येतो. मी तो छापून बांद्याकडच्या एका डॉक्टर मित्राला दिला. त्याने चाळला आणि म्हणाला, "लसीचे राहू दे. गोचिडीबद्दलचे असेच खुले लेख शोध आणि त्यातले कामाचे तेवढे मराठीत करून दे. काजूच्या हंगामाआधी आमच्या आशाताईंना वाटता येईल." पाच लेख मिळाले आहेत. दोन पूर्ण झाले, तिसरा चालू आहे. आपल्यापैकी जीवशास्त्राच्या कोणा शिक्षकाला उरलेले तपासून देता आले, तर सभा संपल्यावर मला अवश्य भेटावे.