दोर, कडी आणि तपासणारा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला पाककला, बालसंगोपन किंवा आरोग्य असा एखादा विषय असावा, अशी आपली अपेक्षा असते. मी मात्र आज दोराविषयी बोलणार आहे, आणि तेही डोंगरकडे चढण्याच्या दोराविषयी. बायकांच्या मंडळात हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. पण २००९ साली पुण्याच्या कृष्णा पाटील आणि २०२२ साली आपल्या कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचल्या. ते पाहून आपल्या गडहिंग्लजच्या मुलीही सह्याद्रीचे कडे आणि सुळके खुणावू लागले, तर त्यांना दोष कसा द्यावा? अशा वेळी "जाऊ नकोस" एवढे म्हणून आईची जबाबदारी संपत नाही. भ्यावे कशाला आणि भिऊ नये कशाला, हे आईला कळले पाहिजे. डोंगरावरून परत आलेले मुलामुलींचे सामान धुऊन, तपासून ठेवण्याचे काम माझ्याकडे असते. त्या कामात जे समजले, तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

प्रथम काळेपणाची गोष्ट. नवा कोरा, रंगीत दोर चार खेपांत काळवंडतो. मुलगी घरी येते ती तळहात काळे करून, कपड्यांवर डाग घेऊन. आई म्हणते, दोर खराब झाला. पण हा मळ येतो कोठून? आपल्या जर्मनच्या पातेल्याला पांढऱ्या फडक्याने जोराने पुसून पाहा. फडके काळे होते. डोंगरावर दोर अडकवण्याच्या कड्या, ज्यांना कॅराबिनर म्हणतात, त्या बहुधा याच ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात. दोर उतरताना हळूहळू सोडण्याचे साधनही त्याचेच. दोर घासत गेला की धातूचा अगदी बारीक कीस निघतो आणि दोराच्या विणीत बसतो. पूर्वी कड्या पोलादाच्या असत. त्या दोराला इतके काळे करीत नाहीत आणि झिजतातही सावकाश. पण पोलाद पाण्याच्या पावणेआठ पट जड, तर ॲल्युमिनियम पावणेतीन पट. पाठीवर वीस-पंचवीस कड्या घेऊन चढणाऱ्याला हा फरक केवढा वाटत असेल, हे डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईला सांगावयास नको.

तर हा काळेपणा म्हणजे दोर कमजोर झाला, असे नव्हे. काळ्या रंगाला भिऊ नये. पण तो रंग एक निरोप मात्र देतो, की धातू झिजतो आहे. ती झीज कोठे झाली, हे पाहणे खरे महत्त्वाचे.

मऊ दोर कठीण धातूला कसा झिजवील, अशी शंका येईल. जुन्या आडाच्या काठचा दगड आठवा. पोहरा ओढून ओढून त्याला कशा खोल खाचा पडलेल्या असतात! घरच्या शिवणयंत्रात ज्या भोकातून दोरा खालीवर धावतो, त्या पोलादी भोकालाही वर्षानुवर्षे वापरल्यावर चर पडते आणि मग चांगला दोराही पुन्हा पुन्हा तुटू लागतो. डोंगरावर यात आणखी भर पडते ती मातीची. दोर जमिनीवर पडला, त्यावर पाय पडला, की वाळूचे बारीक कण विणीत शिरतात. ते आतले धागे कापतात, आणि बाहेरून तोच दोर धातूवर कानशीसारखा चालतो. म्हणजे दोर कडीला खातो आणि कडी दोराला.

आता खरा धोका सांगते. एकाच कडीतून, एकाच जागी शेकडो वेळा दोर धावला, की तेथे चर पडते. चरीचा तळ गुळगुळीतच असतो. पण जेथे चर संपते आणि न झिजलेला धातू सुरू होतो, तेथे कड तयार होते. पुढे ती कड विळीच्या पात्यासारखी होते. सरावासाठी बांधलेल्या भिंतींवर किंवा कड्यांवर ज्या कड्या कायमच्या लावून ठेवलेल्या असतात, त्यांत हे विशेष घडते. कारण त्या सर्वांच्या असतात आणि म्हणून कोणाच्याच नसतात. ढिला दोरा ब्लेडने चटकन कापत नाही; तोच ताणून धरला की नुसता स्पर्श पुरतो. माणूस निसटून पडला की त्याच्या वजनाने दोर असाच ताणला जातो. झिजलेल्या कडीच्या धारेवर बऱ्या स्थितीतला दोर कापला गेल्याचे प्रसंग परदेशांत घडलेले आहेत.

दुसरी खोड लहान, पण तशीच घातक. पट्ट्याने जोडलेल्या दोन कड्यांची जोडी असते. एक कडी खडकात ठोकलेल्या लोखंडात अडकवतात, दुसरीतून दोर जातो. लोखंडाला घासून पहिल्या कडीला कुसळे उठतात, ओरखडे पडतात. पुढच्या खेपेला त्याच कडीतून दोर नेला, तर ती कुसळे दोराचे धागे उसवतात. म्हणून लोखंडाची कडी लोखंडाला आणि दोराची दोराला, हा नियम कधी मोडू नये. आपण सोवळ्या-ओवळ्याची भांडी जितक्या कटाक्षाने वेगळी ठेवीत होतो, तितक्याच कटाक्षाने हे पाळावे.

तिसरी गोष्ट उष्णतेची. भराभर खाली उतरले की घर्षणाने ते उतरण्याचे साधन चटका बसण्याइतके तापते. हे दोर नायलॉनचे असतात, आणि नायलॉन उष्णतेने वितळते. तापलेल्या साधनापाशी दोर थांबून राहिला, तर त्याच्यावर चकचकीत, कडक डाग पडतो. म्हणून उतरणे संथपणे असावे.

मग काळजी कशी घ्यावी? या दोराची रचना उशीसारखी आहे. आत ताकदीचा गाभा आणि वर विणलेला अभ्रा. म्हणून तो नुसता पाहून कळत नाही, हाताने चाचपावा लागतो. दर खेपेनंतर सबंध दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीतवीत, बोटांतून ओढावा. कोठे चपटा, कोठे पोकळ, कोठे ताठर लागतो का, ते पाहावे. आतला गाभा दिसू लागला, तर तो दोर चढण्यातून कायमचा काढावा. कडीच्या आतल्या बाजूने बोट फिरवावे. धार लागली किंवा चर साधारण एक मिलिमीटर खोल गेली, तर कडी टाकून द्यावी. दोर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, रंग उडवणारी पूड घालू नये, आणि सावलीत वाळवावा. कडक ऊन नायलॉनला मानवत नाही. गाडीच्या बॅटरीजवळ तर ठेवूच नये, तेथील आम्ल दोराला खाते आणि वरून काहीच दिसत नाही. न वापरता ठेवलेला दोरही दहा वर्षांपलीकडे वापरू नये, असे तो तयार करणारेच सांगतात.

भगिनींनो, धान्य निवडताना खडा डोळ्यांआधी आपल्या बोटांना सापडतो. ही बोटांची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुलगी डोंगरावर जाण्यास निघाली, म्हणजे तिला नेणाऱ्यांना तीन प्रश्न विचारा: दोर किती वर्षांचा? मागच्या खेपेनंतर तो हाताने कोणी तपासला? कायमच्या लावलेल्या कड्या कोणी व केव्हा पाहिल्या? उत्तरे नीट मिळाली तर आनंदाने निरोप द्या. "त्याला काय होतंय!" असे उत्तर मिळाले, तर मुलीला त्या दिवशी थांबवा. आणि मुलीला सांगा, की तपासण्याचे काम दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही. ज्या दोरावर आपण लोंबकळणार, तो आधी आपल्या बोटांतून गेला पाहिजे.