गायकामागें उरलेलें गाणें

चित्रकार गेला तरी त्याचें चित्र भिंतीवर राहतें, कवि गेला तरी त्याचें पुस्तक कपाटांत राहतें. आणि पुढें त्यांत कोणी हात घालीत नाहीं. वाद्यवृंदाची गोष्ट निराळी आहे. त्यांतील गायक गेला तरी मागें राहिलेल्या वादकांचे हात थांबतातच असें नाहीं. मग त्यांच्या रसिकांपुढें एक अवघड प्रश्न येऊन उभा राहतो. आतां जें ऐकूं येत आहे तें तेंच गाणें म्हणावयाचें, कीं जुन्या नांवाखालीं चाललेलें दुसरेंच कांहीं? इंग्लंडमधील 'बिग बिग ट्रेन' ह्या वाद्यवृंदाच्या चाहत्यांना २०२४ सालीं ह्या प्रश्नास तोंड द्यावें लागलें.

हा वाद्यवृंद ज्या परंपरेंतला आहे तिला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' असें नांव आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांत ती उदयास आली. तीन मिनिटांचें प्रेमगीत आणि नाचण्याजोगा ठेका एवढ्यावर त्या वेळच्या कांहीं तरुण वादकांचें समाधान होईना. त्यांनीं पाश्चात्य अभिजात संगीतांतून लांब पल्ल्याची रचना घेतली, लोकगीतांतून कथा घेतली आणि जॅझमधून लयीचें स्वातंत्र्य घेतलें. 'जेनेसिस' ह्या वाद्यवृंदाचें १९७२ मधील 'सपर्स रेडी' हें गाणें सुमारें तेवीस मिनिटांचें असून त्याच्या एका भागांत नऊ मात्रांचें आवर्तन आहे. चार मात्रांच्या ठेक्याला सरावलेल्या पाश्चात्य श्रोत्याला तें नवल वाटलें. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा लहानपणापासून ऐकणाऱ्या आपल्याकडील श्रोत्याला कदाचित् तितकें वाटणार नाहीं. १९७६-७७ च्या सुमारास 'पंक' ह्या आडदांड, झटपट संगीताची लाट आली आणि ही परंपरा मागें पडली. ती मेली मात्र नाहीं. तिचे श्रोते थोडे झाले, पण जे राहिले ते निष्ठेनें राहिले.

'बिग बिग ट्रेन'ची स्थापना १९९० सालीं बोर्नमथ येथें ग्रेग स्पॉटन आणि अँडी पूल ह्या दोघांनीं केली. प्रारंभीची कित्येक वर्षे फारसें कोणी त्यांच्याकडे वळून पाहिलें नाहीं. २००९ सालीं डेव्हिड लाँग्डन हा गायक त्यांना येऊन मिळाला आणि त्याच वर्षींच्या 'दि अंडरफॉल यार्ड' ह्या आल्बमपासून त्यांचें भाग्य पालटलें. लाँग्डनचा आवाज उबदार होता, बांसरीवरही त्याचा हात चाले. ह्या मंडळींच्या गाण्यांचे विषयही नेहमींचे नव्हते. १९३८ च्या जुलैमध्यें ताशीं १२६ मैल धांवून वाफेच्या इंजिनांचा जागतिक विक्रम करणारें 'मॅलर्ड' हें इंजिन. दुसऱ्या महायुद्धांत समुद्रांत कोसळलेल्या वैमानिकांचे प्राण ज्याच्यामुळें वांचले तें 'विंकी' नांवाचें कबूतर. जुन्या चित्रकारांच्या नकला करून तज्ज्ञांना चकविणारा टॉम कीटिंग: अशा विषयांवर त्यांनीं दीर्घ, कथात्म गाणीं रचलीं. कष्टानें कांहीं घडविणारीं, आणि पुष्कळदां विसरलीं गेलेलीं माणसें हा त्यांच्या गाण्याचा प्राण होता. अनेक वर्षांच्या खंडानंतर ऑगस्ट २०१५ मध्यें लंडनच्या किंग्ज प्लेस येथें ते पुन्हां रंगमंचावर आले.

२० नोव्हेंबर २०२१ रोजीं लाँग्डन मरण पावला. घरीं झालेल्या अपघाताचें तें निमित्त झालें. त्याचें वय अवघें छप्पन वर्षांचें होतें. 'वेल्कम टू द प्लॅनेट' हा आल्बम तेव्हां तयार होता. तो जानेवारी २०२२ मध्यें बाहेर आला आणि चाहत्यांनीं तो एकाद्या अखेरच्या पत्रासारखा ऐकला. त्याच वर्षीं आल्बेर्तो ब्राविन हा ट्रिएस्ट येथील इटालियन गायक वाद्यवृंदांत आला, आणि मार्च २०२४ मध्यें त्याच्या आवाजांतील पहिला आल्बम प्रसिद्ध झाला. त्याचें नांव 'द लाइक्स ऑफ अस', म्हणजे 'आपल्यासारखीं माणसें'. त्यांत एकंदर आठ गाणीं आहेत.

आतां चर्चेचा मुद्दा येतो. अशा वेळीं चाहत्यांत एक पक्ष असा असतो कीं, ज्याला मागच्या आवाजाशिवाय करमतच नाहीं. त्याचें म्हणणें उडवून लावण्यासारखें नसतें. माणसाचा कंठ हें कांहीं गिटारीच्या तारेसारखें बदलतां येणारें साधन नव्हे. इंग्लंडच्या मातीचीं गाणीं तेथल्याच उच्चारांत बारा वर्षे ऐकलेल्या माणसाला दुसरा उच्चार प्रथम कानाला अडखळतो. शिवाय, नव्या गाण्याला मनापासून दाद देणें म्हणजे गेलेल्या माणसाला विसरणें तर नव्हे, अशी एक बोचणीही त्या नापसंतीमागें असते. ती बोलून दाखविली जात नाहीं. ती 'ध्वनिमुद्रण नीट नाहीं', 'सुरावट पूर्वीसारखी नाहीं', अशा वेषांतरानें बाहेर पडते.

दुसरा पक्ष इतिहासाचे दाखले देतो. पीटर गॅब्रिएल १९७५ सालीं जेनेसिस सोडून गेला, तेव्हां तो वाद्यवृंद संपला असेंच अनेकांना वाटलें. पण मागें ढोल वाजविणारा फिल कॉलिन्स पुढें येऊन गाऊं लागला आणि १९७६ चा 'ए ट्रिक ऑफ द टेल' हा आल्बम रसिकांनीं उचलून धरला. ह्याहून मार्मिक दाखला खुद्द लाँग्डनचाच आहे. १९९६ सालीं कॉलिन्सही निघून गेला. तेव्हां त्याच्या जागीं ज्यांचे आवाज पारखून पाहिले गेले त्यांत लाँग्डन होता. निवड रे विल्सन ह्याची झाली. 'बिग बिग ट्रेन'मध्येंही लाँग्डन हा पहिला गायक नव्हे. त्याच्या आधीं मार्टिन रीड आणि शॉन फिल्किन्स हे गाऊन गेले होते. तेव्हां ज्या आवाजाला आज मूळचा म्हणून कवटाळावयाचें, तोही एके काळीं नवखाच होता. कोणीतरी त्याला कान दिला म्हणूनच तो आपलासा झाला.

दोन्ही पक्षांचा निवाडा शेवटीं गाण्यानेंच करावा लागतो. ह्या आल्बमांतील 'मिरामारे' हें गाणें घ्यावें. ट्रिएस्टजवळ समुद्राच्या कांठीं ह्याच नांवाचा एक पांढरा राजवाडा आहे. ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन ह्यानें तो बांधविला. १८६४ सालीं मेक्सिकोचा बादशहा होण्यासाठीं तो तेथून निघाला आणि १८६७ च्या जूनमध्यें तिकडेच गोळ्या घालून मारला गेला. त्याची पत्नी शार्लोट हिनें आयुष्याचीं सुमारें साठ वर्षे भ्रमिष्टावस्थेंत काढलीं. ह्या कथेला गाण्याचें रूप देतांना नव्या गायकानें जुन्याची नक्कल केलेली नाहीं. आपल्या गांवची कथा ह्या वाद्यवृंदाच्या रीतीनें सांगितली आहे. उलट 'बिनीथ द मास्ट्स' हें सुमारें सतरा मिनिटांचें गाणें स्पॉटन ह्यांच्या बालपणाकडे जातें. सटन कोल्डफील्डच्या बाजूला दूरचित्रवाणीचे उंच मनोरे आहेत. लंडनबाहेरचें बीबीसीचें पहिलें दूरचित्रवाणी-प्रक्षेपण डिसेंबर १९४९ मध्यें तेथूनच सुरू झालें. त्या मनोऱ्यांच्या छायेंत वाढलेल्या इंग्रज मुलाच्या आठवणी ट्रिएस्टचा माणूस गातो. पहिल्या गाण्यांत नवा माणूस आपलें कांहीं घेऊन घरांत आला आहे. दुसऱ्यांत घरानें आपलें सर्वांत खाजगी असें त्याच्या हातीं सोंपविलें आहे. परकेपण असेंच सरतें.

मोठ्या, श्रीमंत वाद्यवृंदांच्या बाबतींत ही चर्चा केवळ करमणूक ठरली असती. लहान वाद्यवृंदाच्या बाबतींत ती जगण्यामरण्याची असते, कारण त्याचा संसार थोड्या चाहत्यांवरच चालतो. 'मॅरिलियन' ह्या वाद्यवृंदापाशीं १९९७ सालीं अमेरिकेच्या दौऱ्यापुरते पैसे नव्हते, तेव्हां चाहत्यांनींच सुमारें साठ हजार डॉलर जमविले. २००१ सालीं बारा हजारांहून अधिक चाहत्यांनीं, एकही सूर ऐकण्यापूर्वीं, नव्या आल्बमची किंमत आगाऊ भरली. तो आवाज स्टीव्ह होगार्थचा होता. १९८८ सालीं फिश नांवाचा पहिला लोकप्रिय गायक सोडून गेल्यानंतर तो आलेला होता. त्या वेळीं चाहत्यांनीं पाठ फिरविली असती, तर पुढचीं गाणीं जन्मासच आलीं नसतीं.

म्हणजे नवें जें येईल तें डोळे मिटून वाखाणावें असें मात्र नव्हे. आंधळी स्तुति कलावंताला उपेक्षेइतकीच मारक होते. लाँग्डनची आठवण येते तर ती येऊं द्यावी, नवें गाणें कोठें कमी पडलें असेल तर तसें स्पष्ट म्हणावें. परंतु दोन गोष्टींची गल्लत करूं नये. गेलेल्याचें दुःख हा आलेल्यावरचा आरोप नव्हे. ज्या श्रोत्याला हा भेद राखतां येतो तो जुन्या गायकाशीं बेइमानी करीत नाहीं. त्यानें जें गाणें वाढविलें त्याचाच तो सांभाळ करतो. लाँग्डनलाही पूर्वसूरींच्या जागीं उभें राहूनच गावें लागलें होतें, आणि तेव्हां त्याला जी संधि मिळाली तीच ब्राविनला देणें हें त्याच्या चाहत्यांचें साधें कर्तव्य होय.