गाडी काय सांगते, ते आधी ऐका

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



सकाळी कामावर निघायच्या वेळी गाडी सुरू झाली नाही, की घरातला प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो. 'बॅटरी गेली असणार,' असे एक जण म्हणतो. 'पेट्रोलमध्ये कचरा आला असेल,' असे दुसरा सांगतो. शेजारचे काका गॅलरीतूनच 'धक्का मारा' असा सल्ला देतात. यातले कुठलेही म्हणणे खरे असू शकते. पण गाडी स्वतः काय सांगते आहे, ते मात्र कोणीच ऐकलेले नसते.

आज मला दुरुस्तीपेक्षा निदानाविषयी बोलायचे आहे. दुरुस्ती हे मिस्त्रीचे काम. निदानाची पहिली पायरी मात्र मालकाला हातात पाना न घेताही चढता येते.

'गाडी सुरू होत नाही' या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. इंजिन फिरतच नाही, ही एक. इंजिन छान फिरते पण पेट घेत नाही, ही दुसरी. पहिल्या तक्रारीत संशय बॅटरी, तारा आणि स्टार्टर यांच्यावर घ्यायचा. दुसरीत तो इंधन आणि ठिणगी यांच्यावर घ्यायचा. ज्याचे इंजिन जोमाने फिरते आहे, त्याने नवी बॅटरी विकत आणणे म्हणजे पोट दुखणाऱ्याला चष्मा देण्यासारखे आहे.

त्याही आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या करून घ्याव्यात. मोटारसायकलच्या उजव्या मुठीजवळ इंजिन बंद करायचे लाल बटण असते. येता-जाता एखादे मूल ते दाबून जाते आणि मालक किका मारून घामाघूम होतो. बऱ्याच नव्या दुचाकी साइड स्टँड खाली असताना सुरू होत नाहीत. अनेक मोटारी क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, आणि ऑटोमॅटिक गाडीचा दांडा 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'वर असावा लागतो. टाकीत पेट्रोल आहे ना, हेही बघावे. काट्यावर नेहमीच विश्वास ठेवता येत नाही.

आता पहिली तक्रार. इंजिन फिरत नाही. अशा वेळी कान टवकारावेत. किल्ली फिरवल्यावर टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. 'घर्र... घर्र...' असे रेंगाळत इंजिन फिरले, तरी संशय तिच्यावरच. एकदाच जोरात 'टक' झाले आणि पुढे शांतता पसरली, तर दोष स्टार्टरमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या जाड तारेच्या जोडणीत असू शकतो.

यावर नेहमीचा प्रश्न असतो, 'पण साहेब, दिवे तर लागतात, हॉर्न वाजतो, मग बॅटरी कशी उतरली?' याचे उत्तर आकड्यांत आहे. साध्या हॅलोजन हेडलाइटचा एक दिवा सुमारे पाच अँपिअर वीज घेतो. मोटारीचे इंजिन फिरवताना स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढतो. घोटभर पाणी देणारा नळ बंब भरू शकेलच असे नाही, तसेच हे आहे.

म्हणून एक सोपी परीक्षा करावी. हेडलाइट लावून समोरच्या भिंतीकडे बघत किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिची टर्मिनले सैल आहेत. दिवे लख्ख राहिले आणि आवाजच आला नाही, तर स्टार्टरपर्यंत हुकूम पोहोचत नाही. मग किल्लीचा स्विच, रिले, क्लचचा स्विच असे एकेक बघावे लागते. मिस्त्रीकडे मीटर असेल तर आणखी सोपे. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. बारावर आली, की तिच्यात फारसा दम उरलेला नसतो. इंजिन चालू असताना आकडा साधारण 14 व्होल्टपर्यंत चढायला हवा. तो चढत नसेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे. अशा गाडीत नवी बॅटरी घातली, तरी थोड्याच दिवसांत तीही उतरणार.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साठलेली असली, तर बॅटरीला दोष देण्याआधी ती टोके साफ करून आवळून घ्यावीत. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो, तेव्हा जवळ काडी किंवा सिगारेट पेटवू नये. दुसऱ्या गाडीकडून वीज घेताना लाल वायरने दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके जोडावीत. काळ्या वायरचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. दुसरे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून दूर, त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला लावावे. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते. ती बॅटरीजवळ उडू नये, एवढ्यासाठीच हा क्रम आहे.

धक्का मारून गाडी सुरू करणे हा आपला आवडता उपाय. गिअरच्या गाडीत, बॅटरी थोडीफार जिवंत असेल, तर तो लागू पडतो. ऑटोमॅटिक गाडीला तो उपयोगाचा नाही. विजेवरच्या मोटारीतही एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असते बरे का! ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

दुसरी तक्रार अशी, की इंजिन फिरते पण पेटत नाही. इंजिनला हवा, इंधन आणि योग्य वेळी पडणारी ठिणगी लागते. बहुतेक वेळा यातले इंधन किंवा ठिणगी हजर नसते. जुन्या स्कूटरच्या मालकांना हे शिकवावे लागत नसे. 1972 पासून रस्त्यावर आलेल्या चेतकची पिढी स्कूटर तिरकी करायची, प्लग काढून पुसायची आणि पुन्हा किक मारायची. प्लग काढण्यात खरे निदान होते. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येणारा निघाला, तर पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगीकडे बघा. कोरडा निघाला, तर पेट्रोलची वाट तपासा.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा मुख्यतः फ्युएल इंजेक्शनने घेतली. मोटारींत हा बदल त्याच्या बराच आधी झाला होता. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली 'ऑन' केल्यावर पेट्रोल पंपाची दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. मोटारीत ती मागच्या सीटच्या बाजूने येते. रोज येणारी ही गुणगुण आज आली नाही, तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले यांच्यावर संशय घ्यावा. डॅशबोर्डवर किल्लीचे चिन्ह लुकलुकत राहिले, तर गाडीने किल्लीतली चिप ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघावी. डिझेल गाडीची टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर नळीत हवा शिरते. नुसते डिझेल भरून भागत नाही, हवा काढावी लागते.

एक पथ्य मात्र पाळावे. सेल्फ सलग पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मधे अर्धा मिनिट थांबावे. नाहीतर एका रोगाचे दोन होतात.

आणि एक प्रसंग असा आहे, की तेव्हा गाडी सुरू करण्याचा प्रयत्नच करायचा नसतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. इंजिनात पाणी शिरलेले असताना किल्ली फिरवली, तर पिस्टन वर येतो आणि मधे पाणी सापडते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि कधी सगळे इंजिनच निकामी होते. शिवाय इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतलेले नसेल, तर विमा कंपनी अशी भरपाई नाकारू शकते. तेव्हा पाण्यात बंद पडलेली गाडी किल्लीला हात न लावता ओढून न्यावी.

शेवटी मिस्त्रीविषयी. त्याच्याकडे गेल्यावर 'बॅटरी बदला' असा निकाल सांगू नका, लक्षण सांगा. 'काल रात्री व्यवस्थित लावली होती, सकाळी एकदाच टक झाले, दिवे लख्ख होते,' एवढे सांगितले तरी त्याचा निम्मा शोध वाचतो. नवा भाग घातला तर त्याचे पैसे आपण निमूट देतो. पण तासभर शोधून एक सैल नट आवळणाऱ्याला मात्र 'एवढेच तर केले' म्हणत मजुरी कमी करायला लावतो. मग शोधण्यापेक्षा भाग बदलणे परवडते, हे त्याला आपणच शिकवतो, आणि पुढच्या खेपेला त्याची किंमतही आपणच मोजतो. नट आवळायला मिनिट लागते, तो कोणता हे कळायला वर्षे लागतात. मजुरी त्या वर्षांची असते.