किती मुठी वर?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय गुरुजन आणि १९८२ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यात एकच गोष्ट सांगतो. गोष्ट आपल्याच वर्गातली आहे.

आठवीतला जुलै आठवतो का? साल १९७९. ‘स्कायलॅब पडणार’ याशिवाय शिरवळच्या पेठेत दुसरा विषय नव्हता. ११ जुलैला ती अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळली आणि आपण सुटकेचा श्वास टाकला.

त्याच हिवाळ्यात आपल्यातला एक जण वर्गात म्हणाला, “काल दिवेलागणीला सुभानमंगळापाशी नीरेच्या काठावर होतो. वीर धरणाच्या अंगाला आभाळात नारिंगी उजेड दिसला. आवाज नाही. बराच वेळ एका जागी थांबला आणि विझला.” सगळा वर्ग हसला. त्याचं नावच ‘स्कायलॅब’ पडलं, ते दहावीपर्यंत सुटलं नाही. ते नाव ठेवणारा मी.

विज्ञानाचे सर मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते त्याला त्याच जागी घेऊन गेले, मलाही मुद्दाम सोबत नेलं. किती वाजले होते? कोणत्या झाडाच्या वर? हात लांब कर, क्षितिजापासून किती मुठी वर? लांब धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश, हे मला तेव्हा कळलं. शुक्र असेल, असं मी म्हणालो. सर म्हणाले, “संध्याकाळचा शुक्र पश्चिमेला असतो. हा तर पूर्वेला बघत होता.” धरणावरही ते विचारून आले. शेवटी वहीत लिहिलं : ‘निरीक्षण खरे. कारण माहीत नाही.’

पुढे मी नोकरीनिमित्त नागपूरला गेलो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास गच्चीवरून पाहतो, तर आभाळात पेटत्या ठिणग्यांची रांग. उल्का क्षणात विझते. हे सावकाश, आडवं सरकत होतं. शिरवळला भावाला फोन केला. तो म्हणाला, “श्रीखंड जास्त झालं वाटतं!” मला हसूच आलं नाही. आपला मित्र आठवला.

त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तपासून गेले. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितलं, की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. वेळ, दिशा, मार्ग. सरांचेच प्रश्न!

पण प्रत्येक वेळी कडं हाती लागत नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने १९६९ पर्यंत अशा १२,६१८ नोंदी गोळा केल्या. बहुतेकांचा उलगडा झाला. ७०१ नोंदींपुढे शेवटी ‘अज्ञात’ असंच लिहावं लागलं. अज्ञात म्हणजे परग्रहावरचे पाहुणे नव्हेत, आणि थापही नव्हे. कारण कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सर आज आपल्यात नाहीत. पण तो मित्र तिसऱ्या रांगेत बसला आहे. मित्रा, तू काय पाहिलंस ते मला आजही सांगता येत नाही. तू खोटं बोलत नव्हतास, हे मात्र नदीकाठी तू मुठी मोजत होतास तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी ते नाव चालू ठेवलं. त्यानंतर तू वर्गात कधी हात वर केला नाहीस, हेही मी पाहिलं होतं. आज सगळ्यांसमोर ते नाव मागे घेतो आणि तुझी माफी मागतो.

आपल्यापैकी बरेच जण आता आजी-आजोबा झालेत. नातवंडं काही विचित्र पाहिल्याचं सांगत आली, तर हसण्याआधी एवढं विचारा : किती मुठी वर?