समर्थांचे वकील आणि त्यांच्यामागून



जळगावच्या व्यासपीठावरून धुळ्याची गोष्ट सांगायची, याला थोडे धाडस लागते. १९०६ पर्यंत आपण एकाच खानदेश जिल्ह्यात नांदत होतो. मग पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली. भावाभावांची वाटणी झाली म्हणजे जे होते तेच पुढे झाले. एकमेकांच्या घरात काय मोलाचे आहे याची विचारपूस थांबली. म्हणून आज मुद्दाम धुळ्याच्या घरातली एक वस्तू तुमच्यापुढे मांडतो.

समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव हे नाव आपल्यापैकी वडील मंडळींना ठाऊक असेल. काँग्रेसचे शंकरराव देव ते हे नव्हेत. हा घोटाळा छापील पुस्तकांतही आढळतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. हे देव १८७१ चे. धंदा वकिलीचा, गाव धुळे. १८९३ साली, वयाच्या बाविशीच्या आसपास, त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली. त्या काळी गावोगाव सभा निघत आणि गावोगाव मावळत. ही मावळली नाही, कारण तिला एक काम सापडले. रामदासी मठामठांतून पडून राहिलेले कागद गोळा करणे, हे ते काम.

हे काम कसले होते हे आज चटकन ध्यानात येत नाही. मठातली पोथी दर्शनाची असते, वाचण्याची नव्हे. ती रेशमी रुमालात बांधलेली, वर गंधफूल, आत कसर. महंताला ती द्यायची नसते. कधी भीतीने, कधी अभिमानाने, आणि कधी आपल्याला ती वाचता येत नाही हे उघड होऊ नये म्हणून. अशा ठिकाणी पायी, बैलगाडीने जायचे, चार दिवस राहायचे, प्रसाद घ्यायचा, विश्वास मिळवायचा आणि मग रुमाल सोडवायचा. परांड्याजवळच्या डोमगावी कल्याणस्वामींच्या मठात दासबोधाची कल्याणांच्या हातची प्रत होती. तिच्या आधाराने सभेने १९०५ साली दासबोध छापला. घरोघरीच्या पोथ्यांत शिरलेले पाठ पारखण्याला तेव्हापासून एक आधार मिळाला. पुढे समर्थांचे आणि शिष्यांचे वाङ्मय, संप्रदायाची कागदपत्रे, असे खंडामागून खंड निघाले. संग्रह ठेवायला धुळ्यात श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. देवालय म्हणावे तर तिथे देव बाडांचेच.

इथवर सगळे गोड आहे. आता वादाकडे येतो.

संप्रदायाची परंपरा अशी, की शिवाजी महाराजांनी शके १५७१ मध्ये, म्हणजे १६४९ साली, चाफळजवळ शिंगणवाडीला समर्थांचा अनुग्रह घेतला. दुसरा पक्ष म्हणतो, पहिली भेट शके १५९४ ची, म्हणजे १६७२ ची. तेवीस वर्षांच्या फरकासाठी विद्वानांनी इतके का भांडावे, असे कोणी विचारील. पण हिशेब करून पाहा. महाराजांचा जन्म १६३० चा धरला, तर १६४९ साली ते एकोणीस वर्षांचे. त्या वयात गुरू भेटला असेल, तर पुढच्या सगळ्या कर्तृत्वावर गुरूचा हात आहे असे म्हणता येते. १६७२ धरले, तर अफझलखान होऊन गेला, सुरत झाली, आग्रा झाले आणि राज्याभिषेक दोन वर्षांवर आला. मग समर्थ हे एका प्रस्थापित राजाचे वंदनीय साधू उरतात. स्वराज्याचे प्रेरक उरत नाहीत. वाद तिथीचा दिसतो, पण तो श्रेयाचा आहे. आणि महाराष्ट्रात श्रेयाचा वाद जातीच्या वादापर्यंत जायला वेळ लागत नाही. तो तसा गेलाही.

देवांनी १५७१ चा पक्ष घेतला आणि जन्मभर सोडला नाही. विरुद्ध बाजूला प्रा. गोविंद चिमणाजी भाटे होते, गो. का. चांदोरकर होते. त्यांच्या हाती जी शस्त्रे होती ती परकी नव्हती, हे विशेष. १६५८ चे भास्कर गोसाव्यांचे पत्र आणि १६७२ चे केशव गोसाव्यांचे पत्र, दोन्ही दिवाकर गोसाव्यांना लिहिलेली, म्हणजे शिष्याने शिष्याला. पहिल्यात, रामदास कोण, कुठले, अशी चौकशी राजांनी केल्याचे आहे. दुसऱ्यात राजे भेटीस येणार आणि ही भेट पहिलीच, असे आहे. परंपरेविरुद्धचा पुरावा संप्रदायाच्याच कागदांतून बाहेर आला. इकडून चाफळची शके १६०० ची सनद पुढे केली गेली, तर तिच्या अस्सलपणावर तिकडून शंका. १९५३ साली न. र. फाटकांचा रामदासांवरचा ग्रंथ आला आणि त्याने समर्थांच्या राजकारणाचाच प्रश्न पुन्हा उकरला.

माझे मत विचाराल तर १५९४ चा पक्ष मला बळकट वाटतो. परंतु मला आज त्याहून दुसरेच सांगायचे आहे. देवांत दोन माणसे होती. एक कागद शोधणारा, दुसरा खटला चालवणारा. शोधणाऱ्याला कोणता कागद निघेल हे ठाऊक नसते; वकिलाला निकाल आधीच ठाऊक असतो. देवांच्या अंगी श्रम इतके, की ही दोन माणसे एका अंगरख्यात मावली. त्यांच्यामागून ती मावणे शक्य नव्हते. १९५८ साली देव गेले. समर्थांचा पक्ष घेणारे पुढेही पुष्कळ झाले, पण त्यांनी वारसा घेतला तो वकिलाचा. मठात चार दिवस राहून रुमाल सोडवणे कष्टाचे, आणि देवांनी मांडलेला युक्तिवाद व्यासपीठावरून म्हणून दाखवणे सोपे. चळवळ उतरणीला लागली ती तिथे. विरोधकांनी तिला हरवले असे मी मानत नाही.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत मॉर्मन नावाचा पंथ आहे. त्याच्या धर्मग्रंथाच्या समर्थनासाठी १९७९ मध्ये विद्वानांनी एक संस्था काढली. पुढे ती पंथाच्या विद्यापीठात सामील झाली. मग, पंथावरच्या टीकेला उत्तरे द्यायची की तटस्थ अभ्यास करायचा, यावर तट पडले. २०१२ मध्ये तिच्या नियतकालिकाच्या जुन्या संपादकाला दूर केले गेले, तेव्हा त्याने व त्याच्या मित्रांनी वेगळी चूल मांडली. धर्म वेगळा, देश वेगळा, पण प्रश्न तोच.

आमच्याकडे तर वेगळी चूलही कोणी मांडली नाही. राहिला तो फक्त आवाज. २०२२ च्या फेब्रुवारीत राज्यपालांनी औरंगाबादेत समर्थांवाचून शिवाजीला कोण विचारील अशा आशयाचे उद्गार काढले आणि राज्यभर निदर्शने झाली. दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. त्या आठवड्यात एकही नवा कागद पुढे आला नाही. देव असते तर चिडले असते, पण मला वाटते, चिडून झाल्यावर त्यांनी चाफळची गाडी धरली असती.

जळगावाहून धुळे नव्वदेक किलोमीटर. आपल्यापैकी कितीजण लग्नकार्याला, कोर्टकचेरीला तिथे जाऊन येतात. वाग्देवता मंदिरात समर्थांनी स्वहस्ते लिहिलेले वाल्मीकि रामायण आहे. नाशिकजवळ टाकळीला तपश्चर्या चालली होती, त्या तरुण वयातले हे लेखन मानतात. राजा कोण, गुरू कोण, शक कोणता, याचा त्यात काही संबंध नाही. एका तरुणाने कांडावर कांड उतरून काढलेले संस्कृत श्लोक आहेत. अक्षर टपोरे आहे. पुढच्या खेपेस धुळ्याला गेलात, तर तासभर आधी निघा.