दूध पुरत नाही, असं म्हणण्याआधी



आमच्या बचत गटातल्या एकीचं बाळ दीड महिन्याचं होतं. सारखं रडायचं. घरात सगळे म्हणाले, "हिला दूधच पुरत नाही." मग म्हशीच्या दुधात पाणी घालून बाटली सुरू झाली. आठ दिवसांत बाळाला जुलाब लागले, दवाखान्यात ठेवावं लागलं. बाळ बरं झालं, पण त्या चार रात्री आम्ही कोणी विसरलो नाही. म्हणून आज हा विषय.

बाळ दर वेळी भुकेनंच रडतं असं नाही. पहिल्या आठवड्यानंतर ते दिवसरात्रीत 6 वेळा तरी लघवी करत असेल आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं. वरचं दूध दिलं की बाळ कमी ओढतं, आणि मग अंगावरचं दूध खरंच आटतं.

गाय व्याली की वासराला आधी चीक पाजायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग बाळंतिणीचा पिवळा चीक पिळून का टाकायचा? त्यात रोगाशी लढायची ताकद असते. म्हणून जन्मल्यावर तासाभरातच बाळाला अंगावर घ्यावं. पुढे 6 महिने फक्त आईचं दूध. मध नाही, गुटी नाही, उन्हाळ्यातही पाणी नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढं द्यायचं.

यात आईचाही फायदा आहे. पाजल्यानं गर्भाशय लवकर आकसतं, रक्तस्राव कमी होतो. पुढे स्तनांच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो.

"पण खुरपणीला जायचं तर कसं?" हा प्रश्न आम्हालाही होता. हात साबणानं धुऊन, उकळून घेतलेल्या वाटीत दूध काढावं. झाकून गार जागी ठेवावं. घरातल्यांनी ते 4 तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर, वाटी-चमच्यानं पाजावं. बाटली नकोच.

सासूबाईंना दोष देऊन उपयोग नाही. त्यांनाही कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. आम्ही गटात एक ठरवलंय. जिच्या घरी बाळंतपण होईल, तिथं पहिल्या आठवड्यात आमच्यातल्या दोघी जातात. एक पाणी भरते, भाकऱ्या थापते. दुसरी बाळंतिणीजवळ बसून बाळ नीट धरायला मदत करते. पान्हा फुटायला पोटभर जेवण लागतं, निवांतपणा लागतो आणि धीर देणारं माणूस लागतं.

बाळ सुस्त पडलं, ओढेना किंवा लघवी कमी झाली, तर मात्र वाट पाहू नका. लगेच आशाताईंना गाठा, दवाखान्यात जा.

तुमच्या गटातली कोण बाळंत होणार आहे? तिच्या घरी कोण जाणार, हे येत्या बैठकीत ठरवाल ना?